अदृश्य किरणांचे पारखी : डॉ. होमी भाभा

मुलांनो, आपला तळहात उघडून बाकावर ठेवा. आकाशातून येणारे अतिसूक्ष्म कण या क्षणीही त्यातून आरपार जात आहेत. दर मिनिटाला असे सुमारे शंभर कण एका तळहातातून जातात. तुम्ही पिंपळीच्या शाळेत बसा, नाहीतर मुंबईच्या एखाद्या उंच इमारतीत बसा, त्यांच्यापासून सुटका नाही. पण आपल्याला काही जाणवते का? मुळीच नाही. प्रकाशासाठी आपल्याला डोळे आहेत, आवाजासाठी कान आहेत, वासासाठी नाक आहे. या कणांसाठी आणि किरणांसाठी मात्र माणसाला कोणतेच इंद्रिय मिळालेले नाही. म्हणून माणसाने ते यंत्राच्या रूपात तयार केले. अशा यंत्राला संवेदक म्हणतात. सेन्सर हा शब्द तुम्ही ऐकला असेल, तोच हा. असे संवेदक आपल्या देशात, आपल्या माणसांच्या हातून तयार व्हावेत आणि प्रयोगशाळेतून दवाखान्यापर्यंत पोहोचावेत, यासाठी ज्यांनी मोठ्या संस्था उभ्या केल्या, ते शास्त्रज्ञ म्हणजे डॉ. होमी जहांगीर भाभा.

होमी भाभा यांचा जन्म ३० ऑक्टोबर १९०९ रोजी मुंबईत एका सुखवस्तू पारशी कुटुंबात झाला. वडील जहांगीर भाभा हे वकील होते. आजोबा हर्मसजी भाभा हे म्हैसूर संस्थानात शिक्षण खात्याचे मोठे अधिकारी होते. आत्या मेहेरबाई यांचे लग्न जमशेदजी टाटा यांचे थोरले चिरंजीव दोराबजी यांच्याशी झाले होते. त्यामुळे टाटांच्या घरी होमींचे लहानपणापासून जाणेयेणे होते. कारखाने, वीज आणि पोलाद यांच्या गोष्टी मोठी माणसे बोलत आणि हा मुलगा ऐकत बसे. घरात पुस्तकांचा मोठा संग्रह होता. पाश्चात्त्य संगीताच्या तबकड्या होत्या. होमींना संगीताचे आणि चित्रकलेचे वेड लागले ते याच घरात, आणि ते जन्मभर टिकले.

मुंबईच्या कॅथेड्रल शाळेत, नंतर एल्फिन्स्टन कॉलेजात आणि रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये शिकून १९२७ साली ते इंग्लंडला केंब्रिज विद्यापीठात दाखल झाले. वडिलांची आणि दोराबजींची इच्छा अशी की, होमींनी इंजिनिअर व्हावे आणि परत येऊन जमशेदपूरच्या पोलाद कारखान्यात काम करावे. इच्छा योग्यच होती. त्यात मान होता, पैसा होता आणि देशाचे कामही होते. पण केंब्रिजला गेल्यावर होमींचे मन भौतिकशास्त्रात गुंतले. तेथील कॅव्हेंडिश प्रयोगशाळेत त्या काळी अणूच्या अंतरंगाचा शोध चालू होता. रदरफर्ड तेथे प्रमुख होते. पुढे १९३२ मध्ये चॅडविक यांना न्यूट्रॉन सापडला तोही तेथेच. होमींनी वडिलांना पत्र लिहून कळवले की, यंत्रांचा कारभार सांभाळणे हे आपले काम नव्हे, आपल्याला भौतिकशास्त्रच हवे आहे. वडील रागावले नाहीत. त्यांनी एक अट घातली. आधी इंजिनिअरिंगची परीक्षा पहिल्या वर्गात पास व्हायची, मग गणित आणि भौतिकशास्त्र शिकण्यासाठी आणखी खर्च करायची त्यांची तयारी होती. होमींनी १९३० मध्ये अट पुरी केली. वडिलांनीही आपला शब्द पाळला.

पुढच्याच वर्षी या कुटुंबावर दुःखाचा घाला आला. आत्या मेहेरबाई यांना रक्ताचा कर्करोग झाला आणि १९३१ मध्ये वेल्समधील एका रुग्णालयात त्यांचे निधन झाले. पैशाची कमतरता नव्हती. युरोपातील उत्तम डॉक्टर होते. तरीही इलाज सापडला नाही, कारण त्या रोगाविषयी डॉक्टरांनाच फारशी माहिती नव्हती. दुसऱ्या वर्षी दोराबजीही गेले. त्यांनी आपली जवळजवळ सारी संपत्ती विश्वस्त निधीला दिली होती. त्या निधीतून मुंबईत परळ येथे टाटा मेमोरियल हे कर्करोगाचे रुग्णालय उभे राहिले आणि २८ फेब्रुवारी १९४१ रोजी सुरू झाले. या रुग्णालयाचे नाव लक्षात ठेवा, कारण होमी भाभांच्या आयुष्यात ते पुन्हा येणार आहे.

इकडे केंब्रिजमध्ये भाभा विश्वकिरणांचा अभ्यास करू लागले. अवकाशातून पृथ्वीकडे सतत येणाऱ्या कणांना विश्वकिरण म्हणतात. हे किरण डोळ्यांना दिसत नाहीत. मग त्यांचा अभ्यास करायचा कसा? त्यासाठी गायगर गणक नावाचे साधन वापरत. त्याची रचना समजून घेण्यासारखी आहे. धातूची एक बंद नळी घेतात. तिच्यात थोडासा वायू भरतात. नळीच्या मधोमध एक बारीक तार असते. नळी आणि तार यांमध्ये बऱ्याच जास्त दाबाची वीज जोडतात. एरवी नळी शांत असते. पण बाहेरून एखादा किरण आत शिरला की तो वायूच्या अणूंतून इलेक्ट्रॉन सुटे करतो. हे इलेक्ट्रॉन तारेकडे धावतात. धावताना ते आणखी अणूंवर आदळतात आणि आणखी इलेक्ट्रॉन सुटे होतात. डोंगरावरून एक दगड गडगडत यावा आणि त्याच्याबरोबर शेकडो दगड सुटावेत, तसे हे होते. तारेत विजेचा एक छोटा धक्का निर्माण होतो आणि यंत्रातून टिक असा आवाज येतो. किरण जितके जास्त, तितके टिकटिक करणे जास्त. न दिसणाऱ्या गोष्टीची अशी मोजदाद होते.

भाभा स्वतः मुख्यतः गणिताने काम करणारे शास्त्रज्ञ होते. गणकांनी जे मोजले, त्याचा अर्थ ते लावत. एक विश्वकिरण हवेत शिरला की खाली कणांचा पाऊस का पडतो, याचे स्पष्टीकरण त्यांनी वॉल्टर हाइटलर यांच्यासह १९३७ मध्ये दिले. त्याआधी १९३५ मध्ये त्यांनी आणखी एक महत्त्वाचे गणित मांडले होते. इलेक्ट्रॉनसारखाच, पण धन विद्युतभार असलेला पॉझिट्रॉन नावाचा कण नुकताच सापडला होता. इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉन यांची टक्कर झाली तर ते कसे विखुरतात, हे भाभांनी काढले. आजही जगभर या क्रियेला भाभांचेच नाव आहे. त्या वेळी हे सारे कागदावरचे गणित वाटत असेल. पॉझिट्रॉनचा आजारी माणसाशी काही संबंध येईल, असे कोणाच्या मनातही आले नसेल.

१९३९ मध्ये भाभा सुटीसाठी भारतात आले. तेवढ्यात दुसरे महायुद्ध पेटले आणि परत जाण्याचा मार्ग बंद झाला. अशा वेळी बंगळूर येथील भारतीय विज्ञान संस्थेत त्यांना जागा मिळाली. तेथे सर चंद्रशेखर व्यंकट रामन भौतिकशास्त्राचे प्रमुख होते. भाभांनी तेथे विश्वकिरणांच्या संशोधनाचा विभाग सुरू केला. १९४१ मध्ये, वयाच्या एकतिसाव्या वर्षी, ते लंडनच्या रॉयल सोसायटीचे सदस्य झाले.

बंगळूरला त्यांच्यापुढे खरी अडचण उभी राहिली ती साधनांची. केंब्रिजमध्ये हवे ते यंत्र हाताशी असे. येथे गणकही स्वतः बनवायचे आणि त्याला लागणारी विजेची जोडणीही स्वतः करायची. युद्धामुळे परदेशातून माल येणे अवघड झाले होते. तरीही भाभांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गायगर गणक तयार केले. १९४४ च्या अखेरीस अमेरिकन हवाई दलाच्या विमानातून ते सुमारे ३० हजार फूट उंचीवर नेले आणि तेथील किरण मोजले. पुढील काळात त्यांच्या संस्थेतील शास्त्रज्ञांनी कोलारच्या सोन्याच्या खाणीत, जमिनीखाली दोन किलोमीटरहून अधिक खोल गणक नेऊन ठेवले. आकाश आणि पाताळ हे शब्द आपण बोलण्यात सहज वापरतो. या मंडळींनी दोन्हीकडे खरोखर यंत्रे नेली.

युद्ध संपत आले तेव्हा इंग्लंड-अमेरिकेत परत जाणे भाभांना सहज शक्य होते. नाव झाले होते आणि तेथील विद्यापीठांची दारे उघडी होती. पण त्यांनी येथेच राहायचे ठरवले. मला वाटते, त्यांच्या सर्व शोधांपेक्षा हा निर्णय मोठा आहे. मार्च १९४४ मध्ये त्यांनी दोराबजी टाटा विश्वस्त निधीला पत्र लिहिले. मूलभूत विज्ञानासाठी भारतात उत्तम संस्था हवी, आज माणसे तयार केली तर उद्या अणुशक्तीचा वापर सुरू होईल तेव्हा आपल्याला तज्ज्ञांसाठी परदेशाकडे पाहावे लागणार नाही, असे त्यांनी त्यात मांडले. हिरोशिमावर बॉम्ब पडण्याच्या वर्षभर आधीचे हे पत्र आहे, हे विशेष. निधीने होकार दिला. १९४५ मध्ये टाटा मूलभूत संशोधन संस्था बंगळूरला सुरू झाली आणि त्याच वर्षी मुंबईला आली. पेडर रोडवरील ज्या बंगल्यात तिचे काम सुरू झाले, तो त्यांच्या नात्यातील एका बाईंचा होता.

देश स्वतंत्र झाल्यावर १९४८ मध्ये अणुऊर्जा आयोग स्थापन झाला आणि भाभा त्याचे अध्यक्ष झाले. १९५४ मध्ये मुंबईजवळ तुर्भे येथे, खाडीच्या काठावर, अणुऊर्जा संशोधन केंद्राचे काम सुरू झाले. ४ ऑगस्ट १९५६ रोजी अप्सरा ही अणुभट्टी चालू झाली. ती आशियातील पहिल्या अणुभट्ट्यांपैकी एक होती. तिचे इंधन ब्रिटनमधून आणले होते, परंतु भट्टी बांधली ती आपल्या इंजिनिअरांनी. तिच्यावर लक्ष ठेवणारी मोजमापाची साधनेही डॉ. ए. एस. राव यांच्या हाताखालील भारतीय तरुणांनीच तयार केली. तयार यंत्र विकत घ्यायला भाभांचा विरोध नव्हता. मात्र ते कसे चालते हे आपल्या माणसाला उमगले पाहिजे आणि पुढचे यंत्र त्याने स्वतः बनवले पाहिजे, असा त्यांचा आग्रह असे. या इलेक्ट्रॉनिक्स विभागातूनच पुढे १९६७ मध्ये हैदराबादचा सरकारी इलेक्ट्रॉनिक्स कारखाना जन्माला आला.

आता दवाखान्याकडे वळू. अणुभट्टीत काही मूलद्रव्ये ठेवली तर ती किरणोत्सारी होतात, म्हणजे त्यांच्यातून किरण बाहेर पडू लागतात. असे किरणोत्सारी आयोडीन औषध म्हणून फार उपयोगी आहे. आपल्या गळ्यात थायरॉइड नावाची एक ग्रंथी असते. अन्नातील आणि मिठातील आयोडीन ही ग्रंथी ओढून घेते. तिचे काम बिघडले की माणूस विनाकारण वाळतो, किंवा सुस्त होतो, कधी गळ्याला गाठ येते. ग्रंथी कमी काम करते की जास्त, हे बाहेरून कसे कळणार? डॉक्टर रोग्याला किरणोत्सारी आयोडीनची अगदी अल्प मात्रा पाजतात. मग गळ्यासमोर संवेदक धरतात आणि ग्रंथीने किती आयोडीन घेतले ते मोजतात. शस्त्र लावावे लागत नाही, रक्ताचा थेंबही सांडत नाही. हे आयोडीन शरीरात कायम राहील की काय, अशी शंका तुम्हाला येईल. त्याची शक्ती दर आठ दिवसांनी निम्मी होत जाते आणि बरेचसे शरीराबाहेरही टाकले जाते.

या कामासाठी गायगर नळीपेक्षा चांगला संवेदक वापरतात. त्यात सोडियम आयोडाइडचा एक स्फटिक असतो. किरण त्याच्यावर पडला की प्रकाशाचा अतिशय मंद कण चमकतो. डोळ्यांना तो दिसणार नाही. पण स्फटिकामागे बसवलेली नळी त्या प्रकाशाचे विजेत रूपांतर करते आणि ती वीज लाखो पटींनी वाढवते. किती किरण आले एवढेच नव्हे, तर त्यांची ऊर्जा किती, हेही त्यावरून समजते. असे मोठे स्फटिक आणि अनेक नळ्या एकत्र बसवल्या की शरीराच्या आतील अवयवाचे चित्र मिळते. क्ष-किरणांच्या चित्रात हाड दिसते. या चित्रात अवयवाचे काम दिसते. दोघांतील फरक मोठा आहे.

तुर्भ्याला तयार झालेली किरणोत्सारी द्रव्ये देशातील रुग्णालयांना मिळू लागली. पण ती वापरायची कशी, मोजायची कशी, हे शिकलेले डॉक्टर कोठे होते? त्यासाठी १९६३ मध्ये परळ येथे रेडिएशन मेडिसिन सेंटर सुरू झाले. त्याला जागा मिळाली ती टाटा मेमोरियल रुग्णालयाच्या शेजारच्या इमारतीत. एक वर्ष आधी, १९६२ मध्ये, ते रुग्णालय स्वतःच अणुऊर्जा विभागाकडे आले होते. कर्करोगाचे निदान आणि इलाज यांत किरणांचा वापर वाढत जाणार, हे भाभांनी आणि जे. आर. डी. टाटांनी ओळखले होते. अणुशक्तीच्या खात्याने रुग्णालय चालवावे, हे ऐकायला विचित्र वाटते. पण आत्याच्या आजारापुढे जे शास्त्र हतबल ठरले होते, तेच तिच्या कुटुंबाच्या पैशाने उभ्या राहिलेल्या रुग्णालयात आता नवी साधने घेऊन आले. बारामती आणि इंदापूर तालुक्यांतील किती तरी रोगी आजही उपचारांसाठी परळची वाट धरतात.

भाभांच्या कामाला दुसरी बाजूही आहे आणि ती लपवण्याचे कारण नाही. अणूची शक्ती रोग्याच्या कामी येते, तशी ती विनाशाच्याही कामी येते. १९६४ मध्ये चीनने अणुबॉम्बची चाचणी केली. त्यानंतर भारतानेही बॉम्ब बनवावा का, यावर खूप वाद झाला. सरकारने ठरवले तर आपण थोड्याच काळात तो बनवू शकतो, असे भाभांनी आकाशवाणीवर सांगितले. याच भाभांनी १९५५ मध्ये जिनिव्हा येथे अणुशक्तीच्या शांततेसाठी वापराविषयी भरलेल्या जागतिक परिषदेचे अध्यक्षपद भूषवले होते. त्यांच्या काळात तुर्भ्याला उभ्या राहिलेल्या सायरस भट्टीतील प्लुटोनियम १९७४ च्या पोखरण चाचणीत वापरले गेले. तिच्यात रुग्णालयांसाठी आयोडीनही तयार होत असे.

इतक्या व्यापात राहूनही हा माणूस रूक्ष झाला नाही. त्यांनी लग्न केले नाही. चित्रे काढणे, बागा फुलवणे आणि संगीत ऐकणे हे त्यांचे विरंगुळे होते. इमारत बांधताना मोठे झाड मध्ये आले तर ते तोडू न देता मुळासकट काढून दुसरीकडे लावायला ते सांगत. कुलाब्याच्या संस्थेसाठी त्यांनी अनेक चित्रकारांची चित्रे घेतली. तेथील दर्शनी भिंतीवर मकबूल फिदा हुसेन यांचे प्रचंड चित्र आहे. हुसेन यांचा जन्म पंढरपूरचा, म्हणजे इंदापूरहून फार लांब नव्हे.

जानेवारी १९६६ हा देशासाठी फार वाईट महिना ठरला. ११ तारखेला पंतप्रधान लालबहादूर शास्त्री यांचे ताश्कंद येथे निधन झाले. २४ तारखेला भाभा एका बैठकीसाठी व्हिएन्नाला निघाले होते. त्यांचे विमान आल्प्स पर्वतातील माँ ब्लाँ या बर्फाच्छादित शिखराजवळ कोसळले. विमानातील सर्व ११७ माणसे मरण पावली. भाभांचे वय तेव्हा केवळ ५६ वर्षांचे होते. त्याच दिवशी इंदिरा गांधी यांनी पंतप्रधानपदाची शपथ घेतली. वर्षभराने तुर्भ्याच्या केंद्राला भाभा अणुसंशोधन केंद्र असे नाव देण्यात आले.

भाभांनी तरुणपणी ज्या पॉझिट्रॉनचे गणित केले होते, तो पुढे खरोखरच रुग्णालयात आला. रोग्याला किरणोत्सारी फ्लोरिन जोडलेली साखर टोचतात. कर्करोगाच्या पेशी हावऱ्या असतात, त्या ही साखर जास्त घेतात. तेथे पॉझिट्रॉन बाहेर पडतो आणि जवळच्या इलेक्ट्रॉनला भेटताच दोघेही नाहीसे होतात. त्यांच्या जागी दोन किरण विरुद्ध दिशांना सुटतात. रोग्याभोवती संवेदकांचे एक कडे असते. दोन्ही बाजूंच्या स्फटिकांत एकाच क्षणी चमक झाली की गाठ त्या रेषेवर आहे, हे संगणकाला कळते. अशा हजारो रेषांतून गाठीची जागा ठरते. यालाच पेट तपासणी म्हणतात. फ्लोरिनची शक्ती दोन तासांच्या आतच निम्मी होते, म्हणून ते जवळपासच तयार करावे लागते. त्यासाठी लागणारे सायक्लोट्रॉन यंत्र २००२ मध्ये परळच्या त्याच रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये बसवण्यात आले.

पण भाभांच्या केंद्राची आठवण करून देणारी वस्तू पाहण्यासाठी मुंबईलाच जायला हवे असे नाही. क्ष-किरणांचे चित्र काढणारा कर्मचारी दिवसभर त्या किरणांजवळ वावरतो. किरण त्याला दिसत नाहीत, जाणवतही नाहीत. पूर्वीच्या काळी अशा कामात अनेकांच्या हातांना जखमा झाल्या आणि काहींचे प्राणही गेले. म्हणून तो छातीवर एक छोटा बिल्ला लावतो. तुर्भ्याला तयार झालेल्या पद्धतीच्या बिल्ल्यात कॅल्शियम सल्फेटच्या भुकटीपासून केलेल्या तीन चकत्या असतात. अंगावर पडलेले किरण या चकत्या जणू साठवून ठेवतात. साधारणपणे तीन महिन्यांनी बिल्ला प्रयोगशाळेत पाठवतात. तेथे चकत्या तापवल्या की त्यांतून मंद प्रकाश निघतो. तो प्रकाश मोजून त्या कर्मचाऱ्याच्या नावापुढे आकडा लिहितात, आणि आकडा ठरावीक मर्यादेपेक्षा जास्त आला तर त्याचे कारण शोधले जाते.